लव्हाळ्याच्या शेतातला खड्डा

समई घासायला घेतली होती. वरचा दांडा चिंचेने लखलखीत झाला होता, खालची बैठक अजून काळीच होती, आणि तेवढ्यात स्वयंपाकघराच्या खिडकीतून फिलोमिनाकाकू दिसल्या. पायात गमबूट, अंगात गेलेल्या नवऱ्याचा कोट, हातात दोरी बांधलेली बादली. शेताचं फाटक ढकलून त्या सरळ खड्ड्याकडे चालल्या होत्या.

शर्वाणी टेबलाशी अभ्यास करत होती. तिनं मान वर करून पाहिलं. "मम, शी'ज ॲट इट अगेन."

"मराठीत बोल," मी सवयीनं म्हटलं, पण माझं लक्ष बाहेरच होतं. आता त्या खड्ड्यातलं पाणी उपसून काही होणार नव्हतं. परवाच सगळं संपलं होतं. संपलं हे काकूंनाही माहीत होतं. आणि तरी त्या पाणी काढायला निघाल्या होत्या.

फिलोमिना मॅकगोल्ड्रिक आमच्या शेजारी. शेजारी म्हणजे मधे एक अख्खं शेत. आम्ही आधी शहराकडे, ल्यूकनला होतो तेव्हा शेजारच्यांचा टीव्ही भिंतीतून ऐकू यायचा, इथे शेजारच्यांच्या मेंढ्या. माझ्या नवऱ्याला, हृषीकेशला, लिट्रिममधल्या या भागातल्या हॉस्पिटलात डॉक्टरची नोकरी मिळाली आणि आम्ही ड्रमकिलीन पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चभोवतीच्या वस्तीत, राहायला आलो. सामान उतरतंय तोच काकू दारात हजर, हातात गरम ब्राऊन ब्रेड, वर फडकं. "केतकी" म्हणायला जीभ वळेना, म्हणून त्याच दिवशी त्यांनी मला "किटी" करून टाकलं. आत आल्या, देव्हाऱ्यापुढे थबकल्या, हात मागे बांधून एकेक मूर्ती बघितली.

"तुमच्याकडे बरीच मंडळी आहेत," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे तिघंच, पिता, पुत्र आणि आत्मा. आणि तेही एकच आहेत म्हणतात."

तेव्हापासून आमचं जमलं. त्यांच्या स्वयंपाकघरात येशूच्या तसबिरीखाली लाल दिवा अखंड जळतो, माझ्याकडे सांजवात. चर्चची किल्ली त्यांच्याकडे असते. रोज सकाळी दार उघडायचं, मेणबत्त्या सरळ करायच्या, फुलांचं पाणी बदलायचं. सत्तरी ओलांडून बरीच वर्षं झाली, पण किल्ली दुसऱ्या कुणाच्या हाती दिली नाही.

भावंडं सगळी इंग्लंड-अमेरिकेत गेली, एकट्या काकूच घरी राहिल्या. लग्न होऊन त्या कुठे गेल्या नाहीत, नवराच त्यांच्या शेतावर आला. मुलं तीन झाली. थोरली बॉस्टनला, मधला ऑस्ट्रेलियात, पर्थला. धाकटा डेक्लन इलेक्ट्रिशियन. बायको शिवॉन आणि दोन लहान पोरं घेऊन तो ल्यूकनजवळ ॲडम्सटाउनला भाड्यानं राहायचा. दर दुसऱ्या रविवारी गाडी यायची, पोरं उतरून कोंबड्यांच्या मागे पळायची, आणि काकूंचा आवाज आमच्या दारापर्यंत ऐकू यायचा.

उन्हाळ्यात घरमालकानं डेक्लनला घर विकायला काढल्याचं सांगितलं. दुसरं घर मिळेना. मधल्या भावानं पर्थहून फोन केला, इथे काम तयार आहे, ये. डेक्लन आईला म्हणाला, "मम, तुझ्या शेतात घर बांधायची परवानगी मिळाली तर आम्ही इथे येतो. नाही मिळाली तर जातो. मधलं काही नाही."

काकूंच्याच घरात राहायचं म्हटलं तर घरात दोन खोल्या, आणि मागच्या खोलीच्या भिंतीला इतकी ओल की धाकट्या नातवाचा दमा एका रात्रीत उसळतो. म्हणून नवं घर. पण इथे आपल्या शेतात आपलं घर बांधायलाही कौन्सिलची परवानगी लागते, आणि त्याच्याही आधी जमिनीची परीक्षा. शहरासारखी गटाराची लाइन नाही. प्रत्येक घराचं सांडपाणी त्याच्याच जमिनीत मुरवायचं. तेव्हा आधी पुरुषभर उंचीहून खोल खड्डा खणायचा, दोन दिवस ठेवायचा, आणि खालून पाणी वर येतं का ते बघायचं. आलं, तर जमीन नापास. आमच्या भागातली माती चिकट, निळसर, पाणी धरून बसणारी. गेल्या काही वर्षांत या पॅरिशमध्ये किती खड्डे खणले आणि किती नुसतेच बुजवले, ते मार्टिनला विचारावं. मार्टिन म्हणजे वळणापलीकडचा, खोदायचं मशीन असलेला. त्याला सगळे "अंडरटेकर", मढी पुरणारा, म्हणतात, आणि तोही हसतो.

सप्टेंबरात यावरच पॅरिश हॉलमध्ये सभा झाली. चहा, सँडविचेस, पुढे फादर, कौन्सिलची एक बाई आणि पडद्यावर नकाशे. शाळेत पोरं कमी झाली तर एक शिक्षिका जाणार. फुटबॉलची टीम उभी करायला शेजारच्या पॅरिशची मुलं उसनी घ्यावी लागतात. पोस्ट तर आधीच बंद. सगळे म्हणत होते, आमची पोरं परत येऊ द्या. कौन्सिलची बाई शांतपणे म्हणत होती, आमचाही जीव तुटतो, पण जमीन ओली आहे, घाण पाणी विहिरींत जाईल.

मागच्या रांगेतून काकू उठल्या. कधी बोलत नाहीत चारचौघांत.

"जमीन ओली आहे म्हणता. माझे आईबाप त्याच ओल्या जमिनीत आहेत. त्यांना आत घालताना कुणी परीक्षा घेतली नाही."

हॉल हसला. मार्टिन सगळ्यात मोठ्यानं हसला. काकू हसल्या नाहीत. खाली बसताना त्यांनी माझा हात घट्ट धरला. त्यांची बोटं गार होती.

ऑक्टोबरात खड्ड्याचा दिवस ठरला. मार्टिन मशीन घेऊन यायच्या आधी काकू माझ्याकडे आल्या. "किटी, तुमच्यात घर बांधायच्या आधी काही करतात ना? तू मागे सांगितलं होतंस."

भूमिपूजन म्हणतात, मी म्हटलं. पण ते बांधायला सुरुवात करताना. ही तर नुसती परीक्षा.

"परीक्षेला जाताना देवाच्या पाया पडत नाहीत का तुमच्यात?"

मी तांब्या घेतला, हळद-कुंकू, अक्षता, एक नारळ. काकूंनी लूर्ड्सच्या यात्रेहून आणलेलं तीर्थ घेतलं, मेरीच्या आकाराची निळ्या झाकणाची बाटली. मार्टिननं खड्डा खणला आणि मशीन बंद करून टोपी काढून बाजूला उभा राहिला. मी स्तोत्र म्हटलं, काठावर कुंकू वाहिलं, तांब्यातलं पाणी आत सोडलं, मग थोडं दूध. काकूंनी मेरीचं झाकण फिरवून सगळी बाटली आत उपडी केली.

मार्टिन टोपी डोक्यावर घालत म्हणाला, "बायांनो, खड्डा कोरडा राहायला हवाय. तुम्ही दोघींनी मिळून त्याला आंघोळ घातलीत."

काकूंचा चेहरा असा झाला की मला हसू आवरेना. आणि मग त्याही हसल्या, आणि आम्ही तिघं त्या चिखलात उभे राहून डोळे पुसेपर्यंत हसलो. ते शेवटचं हसणं.

संध्याकाळी पाऊस लागला. सकाळी खड्ड्यावरची फळकुटं उचलून पाहिलं तर तळात पाणी, आकाशाचा तुकडा दिसेल इतकं. तेव्हा काकू आमच्या मागच्या दारात आल्या आणि म्हणाल्या, "तुझ्याकडे दोरीची बादली आहे का?"

माझ्याकडे होती. मी दिली. एवढंच नाही, मीही गेले. आम्ही आळीपाळीनं बादली सोडायचो, ओढायचो, पाणी लांब चरात नेऊन ओतायचो. खाली चिखल ढवळला की काकू म्हणायच्या, "हळू गं, ढवळू नकोस, तळ शांत दिसला पाहिजे." दुपारी त्या कोयता घेऊन आल्या. शेतभर लव्हाळं उगवलेलं असतं, आणि लव्हाळं दिसलं की तपासणीला येणाऱ्याला न खणताच कळतं की खाली पाणी आहे. तेव्हा लव्हाळं कापायला सुरुवात. मी भारे बांधून गोठ्यामागे नेले. कापल्यावर बुडखे हिरवेगार, ताजे, आणखीच उठून दिसू लागले. काकूंनी त्यांच्यावर राख पसरली. राख भिजून काळे डाग झाले. मग आम्ही तो नाद सोडला.

हृषीकेश घरी आला तेव्हा मी बादली धूत होते. सगळं ऐकून तो खुर्चीतच बसला.

"तू, एमएस्सी झालेली बाई, बादलीनं जमिनीखालचं पाणी उपसायला निघालीस?"

"थोडंसंच आहे," मी म्हटलं.

"केतकी, ते थोडंसं खालच्या सगळ्या पाण्याचं तोंड आहे. आणि काकूंची विहीर त्याच उतारावर आहे. नंतर पोटं बिघडलेली पोरं माझ्याकडेच येतील."

देवासमोर बसले तेव्हा मनात नवस आला, की पास होऊ दे, मी इतके सोमवार करीन. आणि लगेच वाटलं, मी देवाकडे कोणती गोष्ट मागते आहे? पाणी लपून राहू दे, हीच ना? तरी मागितली. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा बादली घेऊन गेले.

तपासणीला माणूस आला तो तरुण होता, लाल दाढी, गाडीत कुत्रं. काकूंनी त्याला आधी चहा, मग सोडा ब्रेड, मग स्कोन, छोटे गोडसर पाव. तो नाही म्हणायला शिकलेला नव्हता. खाऊन तो शेतात आला, फळकुटं बाजूला केली आणि खाली वाकला. पाणी जवळजवळ नव्हतंच. काकूंनी माझ्याकडे बघितलं. त्या क्षणी मला खरंच वाटलं, झालं.

त्यानं शिडी सोडली, खाली उतरला, खड्ड्याच्या भिंतीवरून फावड्याचं पातं ओढलं. एक काप सुटला. आतली माती राखाडी, तिच्यात गंजासारख्या नारिंगी रेघा, पार वरपर्यंत.

तो वर आला. हात पुसायला वेळ घेतला.

"मिसेस मॅकगोल्ड्रिक, पाणी तुम्ही छान काढलंत. मातीचा रंग कसा काढणार? या रेघा दिसतात ना, पाणी दर हिवाळ्यात इथवर येतं. कित्येक वर्षं येतंय."

काकू वाकून त्या रेघांकडे बघू लागल्या.

"मी लोकांनी खड्ड्यात पाणी शोषायला मांजराची वाळू ओतलेली पाहिलीय," तो जरा हळू आवाजात म्हणाला. "हीटर लावलेला पाहिलाय. मला राग नाही आला कधी. पण मी याला सही देऊ शकत नाही. अर्ज करण्यातही अर्थ नाही."

"दुसरं काही?" मी विचारलं. "मशीन बसवतात ना, पाणी शुद्ध करायचं?"

"शुद्ध केलेलं पाणीही कुठेतरी मुरायला लागतं. इथली जमीन भरलेली आहे. ही जमीन आणखी पिणार नाही."

काकूंनी त्याला राहिलेले स्कोन कागदात बांधून दिले. इथली रीत म्हणा किंवा त्यांची. तो घ्यायला तयार नव्हता, कुत्र्यासाठी म्हणून दिले.

डेक्लन त्याच संध्याकाळी एकटाच आला. मी काकूंकडे होते, उठायला लागले तर त्यांनी बसवून ठेवलं. डेक्लन मोठा दांडगा माणूस, पण आवाज मऊ. मार्टिननं त्याला बादलीचं सांगितलं होतं.

"मम, तू पाणी उपसत होतीस?"

"थोडंसं."

"पास झालं असतं तर काय झालं असतं ठाऊक आहे? आमच्या संडासाचं पाणी तुझ्या विहिरीत. तेच पाणी तू प्यायली असतीस. तेच पोरांना दिलं असतंस."

"उकळून दिलं असतं."

"मम!"

"उकळून दिलं असतं म्हटलं ना! तुम्ही इथे राहिला असतात. मला चाललं असतं."

डेक्लन उठून लाल दिव्याखाली जाऊन उभा राहिला, पाठ करून. मग तसाच उभा राहून म्हणाला, तिकिटं काढली आहेत. नाताळाच्या आधीची. भावाकडे खोली तयार आहे.

काकू म्हणाल्या, "ग्रँड."

त्या शब्दाचा अर्थ इथे छान, ठीक, कळलं, मर, काहीही होऊ शकतो. त्या वेळी तो कुठला होता, मी सांगणार नाही.

ही परवाची गोष्ट. आणि आज पुन्हा बादली.

मी हात धुतले, कोट चढवला आणि शेतात गेले. फळकुटं बाजूला पडलेली, खड्ड्यात पाणी अर्ध्यापर्यंत आलेलं. काकू काठावर उभ्या राहून बादली सोडत होत्या, ओढत होत्या, आणि लांब चरापर्यंत न जाता जवळच ओतत होत्या. ओतलेलं पाणी घसरून परत आतच जात होतं. त्यांना ते दिसत नव्हतं.

"काकू, हे काय?"

"रविवारपर्यंत कोरडा झाला पाहिजे. स्लायगोचा एक तपासणीवाला आहे म्हणतात. तो तितकं खोल बघत नाही."

"काकू, तिकिटं काढलीत त्यानं."

"तिकिटं परत देता येतात." त्यांनी दोरी माझ्यापुढे केली. "धर. तू ओढ, मी ओतते."

त्या आठवड्यात इतक्या वेळा धरलेली दोरी. मी धरली नाही. हात कोटाच्या खिशात घातले. त्यांनी दोरी तशीच पुढे धरून ठेवली, मग हळूहळू हात खाली गेला.

"तू पण," त्या म्हणाल्या.

त्यापेक्षा शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

"माझ्या बापानं जन्मभर या शेतातून पाणी काढलं," त्या खड्ड्याकडे बघत म्हणाल्या. "दर वसंतात चर खणायचा. माझे भाऊ म्हणायचे, हे काय आयुष्य आहे, चिखल ढकलायचा. गेले सगळे. मी म्हटलं, मी राहीन, कुणी परत आलं तर दार उघडायला कुणी हवं. दार उघडं ठेवलं, किटी. कुणी आलं नाही. आता एक येत होता, तर जमीनच म्हणते येऊ नको."

बोलताना त्या एक पाऊल पुढे सरकल्या. काठ पाण्यानं सैल झाला होता. माती सुटलेली मी पाहिली, आवाज नाही आला, नुसती त्यांच्या बुटाखालून नाहीशी झाली. मी कोट पकडला. जुना, जाड कोट, शिवण उसवली पण टिकली. त्या मागे बसल्या, मी त्यांच्या पाठीशी, दोघी चिखलात. बादली आत गेली, दोरीसकट.

मी कोट सोडला नाही.

"सोडलं असतंस तरी चाललं असतं," त्या म्हणाल्या. अगदी साध्या आवाजात, चहात साखर नको म्हणावं तसं.

मी देवाचं नाव घेतलं असावं. मग त्यांना काखेत धरून उठवलं आणि घरी नेलं. बूट काढले, पाय कोमट पाण्यात घातले, चुलीत टर्फची, वाळवलेल्या दलदलीच्या मातीची, वीट टाकली. लाल दिव्याखाली त्या बसून राहिल्या, आणि मी कप भरत असताना भिंतीवरच्या किल्लीकडे बघत म्हणाल्या, "आज चर्च उघडलंच नाही मी."

या घरात आजवर मी असं वाक्य ऐकलं नव्हतं.

मी त्यांच्यापुढे खाली बसले. "काकू, खड्डा बुजवू या."

बाहेर एक मेंढी सारखी ओरडत होती. माझं मन म्हणत होतं, त्या हो म्हणणार नाहीत, आणि नाही म्हणाल्या तर मी उद्या, परवा, किती दिवस खिडकीत उभी राहणार? आणि हृषीकेश ड्यूटीवर, शर्वाणी शाळेत, मी भाजीला गेले असले तर?

"मार्टिनला दोन चमचे साखर लागते," अखेर त्या म्हणाल्या. "चहा घेतल्याशिवाय त्याला सोडू नकोस."

त्यांनी एवढंच म्हटलं. हो म्हटलं नाही. इथे हो असंच म्हणतात.

त्यांना पलंगावर बसवून, खांद्यावर शाल घालून, शर्वाणीला त्यांच्यापाशी आणून बसवलं. एरवी मराठीत एक शब्द न बोलणारी माझी पोर त्यांच्या पायांशी बसली आणि फोनवर डेक्लनच्या पोरांचे जुने फोटो शोधू लागली. मी मिनिटभर घरी आले. सांजवातीची वेळ झाली होती. समई तशीच, वर उजळ, खाली काळी. चिंच वाळून बैठकीला चिकटली होती. मी तशीच देव्हाऱ्यापुढे ठेवली, तेल घातलं, वात लावली. नवसाचं काही बोलले नाही. काय मागायचं ते सुचलं नाही.

अजून उजेड आहे. मला आता वळणापलीकडे मार्टिनच्या घरी जायचंय. मशीन घेऊन ये आणि अंधार पडायच्या आत खड्डा बुजव, हे त्याला सांगायला.